एडाससाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? गाडी बुक करण्याआधी करायचा हिशेब

शोरूममधला मुलगा टॅबवर बोट फिरवत सांगतो, "सर, अजून फक्त एक-ऐंशी वर टाका, लेव्हल टू एडास मिळतंय. गाडी स्वतः ब्रेक मारते, स्वतः स्टिअरिंग सांभाळते." तोवर घरच्यांनी सनरूफ उघडून-मिटून बघितलेलं असतं. "सेफ्टीचं आहे ना, मग घेऊन टाकू," असं कुणीतरी म्हणतंच. सुरक्षेचा विषय निघाला की घासाघीस करायला माणूस लाजतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पहिल्यांदाच अशी गाडी बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपली चूक होत असताना ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसाठी पैसे जरूर मोजावेत. आपल्याऐवजी गाडी चालवल्यासारखं करणाऱ्या यंत्रणेसाठी फारसे मोजू नयेत. घोळ असा की कंपन्या या दोन्ही गोष्टी एकाच पुड्यात बांधतात आणि वर सनरूफ, थंड सीटा, मोठा स्क्रीन यांची गाठ मारतात. ती गाठ सोडवायची कशी, ते क्रमाने बघू.

पायरी १ : एडासच्या आधी काय हवं

एडास म्हणजे कॅमेरा, रडार आणि संगणक यांच्या मदतीने ड्रायव्हरला सावध करणारी किंवा हातभार लावणारी यंत्रणा. ती छपरावरची कौलं झाली, आधी भिंती बघा. सहा एअरबॅग आहेत का? ईएसपी, म्हणजे ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, आहे का? मागे मधल्या माणसालाही तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आहे का? टायरमधली हवा दाखवणारी सोय आहे का?

गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे तारे मुख्यतः धडकेत आतली माणसं किती वाचतात यावर मिळतात. एडास असलं म्हणून तारे वाढलेले नसतात आणि पाच तारे आहेत म्हणून एडास असेलच असंही नाही. या दोन गोष्टी वेगळ्या तपासा. बजेट ताणून एडास आणायचं आणि त्यासाठी कमी एअरबॅगची किंवा ईएसपी नसलेली गाडी घ्यायची, असा व्यवहार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. समृद्धीवर टायर फुटून झालेले अपघात तुम्ही वाचले असतील. तिथे कॅमेऱ्यापेक्षा निघण्याआधी तपासलेली हवा जास्त कामाला येते, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य.

पायरी २ : पुडा सोडा, तीन ढीग करा

माहितीपत्रकात "२१ एडास फीचर्स" असं ठळक छापलेलं असतं. आकड्याला भुलू नका. एकाच कामाचे तीन तुकडे करून तीन वेळा मोजणं सर्रास चालतं. कागद घ्या आणि त्यातल्या एकेका गोष्टीला या तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग संकटातला. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग त्यातली सर्वांत महत्त्वाची. पुढच्या गाडीवर आदळणार असं दिसलं की आधी ओरडते, तुम्ही काहीच केलं नाहीत तर स्वतः ब्रेक दाबते. याच ढिगात ब्लाइंड स्पॉटचा इशारा येतो. आरशात न दिसणारी दुचाकी बाजूला असली की आरशातच दिवा लागतो. आणि रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या गाडीचा इशारा.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने विम्याच्या आणि पोलिसांच्या नोंदी तपासून काढलेले आकडे इथे उपयोगी पडतात. नुसता धडकेचा इशारा देणाऱ्या गाड्यांमध्ये पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात २७ टक्के कमी दिसले. इशाऱ्याबरोबर आपोआप ब्रेकही असला तर ते निम्म्यावर आले. ब्लाइंड स्पॉटने लेन बदलतानाचे अपघात १४ टक्के घटले. रिव्हर्समधल्या इशाऱ्याने मागे घेतानाचे २२ टक्के. रस्ते तिकडचे आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सातारा रोडवर लावता येणार नाहीत. पण कुठली गोष्ट किती कामाची, हा क्रम त्यातून कळतो.

दुसरा ढीग आरामाचा. ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करतं. लेन सेंटरिंग गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवतं. शोरूमवाला ज्याचा व्हिडिओ दाखवतो तो हाच ढीग. त्याच अमेरिकन संस्थेने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की अशा अर्धस्वयंचलित चालवण्यामुळे अपघात कमी होतात असा पटण्याजोगा पुरावा मिळत नाही. ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. लांबच्या प्रवासात उजव्या पायाला विश्रांती मिळते हे खरं, आणि त्यासाठी पैसे द्यायला हरकतही नाही. फक्त ते आरामाच्या खात्यात लिहा.

तिसरा ढीग किरकोळ. वेगमर्यादेची पाटी वाचणं, पुढची गाडी हलली की "चला" म्हणणं, अप्पर-डिपर आपोआप करणं. यातलं शेवटचं अंधाऱ्या राज्यमार्गावर बरं वाटतं. बाकीच्यांसाठी एक रुपयाही धरू नका. ऐंशीच्या वर गेलं की होणारी टिंग-टिंग आणि एकशेवीसच्या वर न थांबणारी पिपाणी तर प्रत्येक नव्या गाडीत कायद्यानेच आहे.

पायरी ३ : "लेव्हल" विसरा, मॅन्युअल उघडा

शून्य ते पाच या लेव्हल एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवल्या आहेत. लेव्हल २ चा अर्थ इतकाच की गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच वेळी सांभाळू शकते, आणि लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. ब्रेक किती चांगला लागतो, दुचाकी ओळखते का, याबद्दल लेव्हल काही सांगत नाही.

उदाहरण बघा. २०२३ मध्ये ह्युंदाई व्हेन्यूमध्ये एडास आलं ते लेव्हल १ म्हणून. ॲडॅप्टिव्ह क्रूझ त्यात नव्हतं. पण गाडी, पादचारी आणि सायकल ओळखून लागणारा आपोआप ब्रेक होता. म्हणजे लेव्हल खालची, पण पहिल्या ढिगातली सर्वांत कामाची गोष्ट हजर. शोरूममध्ये "ही लेव्हल वनच आहे, त्यापेक्षा ती लेव्हल टूवाली घ्या" असं कुणी म्हणालं की हे आठवा.

आपल्याकडे २०२० साली एमजी ग्लॉस्टरबरोबर ही यंत्रणा मोठ्या महागड्या गाडीत आली, मग एक्सयूव्ही७०० सारख्या गाड्यांनी ती मध्यमवर्गाच्या बोलण्यात आणली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये होंडा अमेझच्या सर्वांत वरच्या व्हेरिअंटमध्येही ती दिसली. त्यामुळे आता आहे की नाही यापेक्षा कशी आहे, हे विचारायचे दिवस आहेत.

त्याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. ते कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा फुकट मिळतं. ब्रेकिंगचा भाग उघडा आणि चार गोष्टी शोधा. किती वेगापासून किती वेगापर्यंत चालतं? पादचारी, सायकल आणि मोटरसायकल यांतलं नेमकं काय ओळखतं? नुसता कॅमेरा आहे की रडारही? आणि "या परिस्थितीत काम करणार नाही" ही यादी किती लांब आहे? ती यादी एकदा शांतपणे वाचलीत की शोरूमचा अर्धा रंग उतरतो. मोटरसायकलचा प्रश्न तर अजिबात सोडू नका. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. आपल्या गाडीच्या पुढ्यात अचानक येणारी वस्तू बहुतेक वेळा दुचाकीच असते.

नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रणा म्हणजे हलक्या दर्जाची, असं नाही. होंडा आपल्याकडे कॅमेऱ्यावरच भागवते. पण कॅमेऱ्याला दिसावं लागतं. आषाढातला आंबोलीचा पाऊस, महाबळेश्वरचं धुकं, किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना समोरून येणारं ऊन, अशा वेळी "कॅमेरा झाकला गेला आहे" असा संदेश येतो आणि यंत्रणा रजेवर जाते. रडार पाऊस-धुक्यात जास्त टिकतं, मात्र समोर आहे ते काय, हे त्याला नीट कळत नाही. दोन्ही असतील तर उत्तम.

गिअरच्या गाडीतही एडास मिळतं. पण अशा गाडीत क्रूझ पूर्ण थांबेपर्यंत साथ देत नाही, कारण क्लच तुमच्या पायाखाली असतो. रोजच्या तुंबलेल्या रस्त्यासाठी ते घेत असाल तर ऑटोमॅटिकचा खर्चही हिशेबात धरा.

पायरी ४ : तुमची गाडी जाते कुठे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वर्षभराचे तुमचे किलोमीटर अंदाजाने चार रस्त्यांत वाटून लिहा.

*शहर.* कोथरूड ते हिंजवडी, ठाणे ते अंधेरी, असंच मुख्यतः फिरणं असेल तर लेन सेंटरिंग बंदच राहणार. डावीकडून रिक्षा, उजवीकडून स्कूटर, पट्टे पुसलेले. ॲडॅप्टिव्ह क्रूझने पुढे जरा अंतर सोडलं की त्या अंतरात कुणीतरी घुसतंच, गाडी ब्रेक दाबते, मागचा हॉर्न वाजवतो. इथे कामाला येतात त्या तीनच गोष्टी: कमी वेगात लागणारा आपोआप ब्रेक, ब्लाइंड स्पॉट आणि सोसायटीच्या पार्किंगमधून मागे निघताना आडव्या गाडीचा इशारा. शिवाय ३६० अंशांचा कॅमेरा. तो एडासमध्ये मोडत नाही, पण शहरात रोज वापरला जातो.

*द्रुतगती मार्ग.* मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला समृद्धी ७०१ किलोमीटरचा. पट्टे ठळक, आडवी वाहतूक नाही. एडास शोभतं ते इथे. नागपूर-मुंबई वर्षातून पाच-सहा वेळा करणाऱ्याला आरामाचा ढीगही वसूल होईल. पण इथलाच एक धोका शोरूममध्ये कुणी सांगत नाही, तो नीट समजून घ्या.

क्रूझ कंट्रोलचं रडार चालत्या वाहनांचा माग घेण्यात हुशार असतं. थांबलेल्या वस्तूंशी त्याचं जमत नाही. पुलाचा कठडा, पाटीचा खांब, दुभाजक हे सगळं त्याला "थांबलेलं काहीतरी" म्हणून दिसतं. अशा प्रत्येक गोष्टीसाठी ब्रेक लावला तर गाडी दर शंभर मीटरला अडखळेल. म्हणून जास्त वेगात अशा कितीतरी गोष्टींकडे यंत्रणा मुद्दाम दुर्लक्ष करते. परिणाम असा की रस्त्यात बंद पडलेला ट्रक तिला उशिरा कळू शकतो, किंवा कळतच नाही. तुमच्या पुढची गाडी ऐनवेळी बाजूला होते, तिच्यामागून उभा ट्रक उघडा पडतो, आणि रस्ता मोकळा झाला असं समजून तुमची गाडी वेग वाढवू पाहते. जवळपास प्रत्येक मॅन्युअलमध्ये हा इशारा असतो. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार मिळून हे सुधारलं आहे. तरी एकशेवीसला त्याच्या भरवशावर राहू नका.

*घाट.* बोरघाट, खंबाटकी, वरंध, आंबा. वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेबाहेर गेली की क्रूझला वाटतं समोर कुणी नाही. घाट लागला की क्रूझ आणि लेन सेंटरिंग बंद, उतारावर खालचा गिअर. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारालाही हाच नियम लावा. महिन्यातून दोनदा कोकणात जाणाऱ्याने रस्त्याच्या या भागासाठी आरामाच्या ढिगाची किंमत शून्य धरावी.

*रात्रीचा राज्यमार्ग.* हा सगळ्यांत कठीण. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडे गाळप हंगामात रात्री निघालेल्यांना ऊस भरलेल्या ट्रॉल्या माहीत आहेत. एकामागे दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. कॅमेऱ्याने "हे वाहन आहे" असं ओळखायचं ते त्याने शिकलेल्या आकारांवरून. ट्रॉलीची पाठ त्या आकारात बसेलच असं नाही. पादचाऱ्यांच्या बाबतीत तर पुरावाच आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेला आपोआप ब्रेकमुळे पादचाऱ्यांचे अपघात एकूण २७ टक्के कमी दिसले, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर फरक जवळजवळ काहीच दिसला नाही. म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त गरज जिथे, तिथेच ही यंत्रणा सर्वांत लंगडी. अशा रस्त्यांवरच तुमचं बहुतेक फिरणं असेल तर चांगले हेडलाइट असलेलं व्हेरिअंट बघा. पैसे तिकडे लावलेले बरे.

पायरी ५ : खरी किंमत काढा

शोरूममध्ये सांगतात तो फरक एक्स-शोरूमचा, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीचा. समजा पेट्रोल गाडीचं खालचं व्हेरिअंट साडेसोळा लाखांना आणि एडासवालं १८ लाख ३० हजारांना आहे. फरक १ लाख ८० हजार. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांत १२ टक्के रोड टॅक्स बसतो, म्हणजे त्या फरकावर २१,६०० रुपये. किमतीबरोबर गाडीचं विमामूल्य वाढतं, त्यामुळे हप्त्यात काही हजारांची भर. १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर, लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आत्ता खिशातून जातो. झाले दोन लाखांवर. हे कर्जातून देणार असाल तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी दोन लाखांचा हप्ता सुमारे ४,१५० रुपये आणि एकूण परतफेड अडीच लाखांच्या जवळ.

टॅक्सच्या टप्प्यांवर विशेष लक्ष ठेवा. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३; डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो. खालचं व्हेरिअंट १९ लाख ६० हजार आणि वरचं २० लाख ९० हजार असेल, तर टॅक्स २ लाख ३५ हजारांवरून २ लाख ७१ हजारांच्या पुढे जातो. १ लाख ३० हजारांच्या फरकावर साडेछत्तीस हजार नुसता टॅक्स! हे कोटेशनमध्ये एका ओळीत दडलेलं असतं. दोन्ही व्हेरिअंटची ऑन-रोड कोटेशनं लेखी मागा आणि शेजारी ठेवून बघा.

आता उलटी वजाबाकी. वरच्या व्हेरिअंटमध्ये एडासशिवाय काय काय जास्त आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढे, "हे एकटं मिळालं असतं तर मी किती दिले असते?" याचा प्रामाणिक आकडा टाका. थंड सीटांना वीस हजार, सनरूफला शून्य, जे वाटेल ते. बेरीज दोन लाखांतून वजा करा. उरलेला आकडा ही तुमच्यासाठी एडासची किंमत. माझ्या मते पहिल्या ढिगातल्या तिन्ही गोष्टी असतील, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल आणि हा उरलेला आकडा लाखाच्या आत असेल, तर घ्या. दीड लाखाच्या वर जात असेल आणि फिरणं शहरातलंच असेल, तर खालचं व्हेरिअंट बरं. घरात नुकतं शिकलेलं मूल किंवा साठी ओलांडलेले वडील गाडी चालवणार असतील तर मात्र मी हात जरा सैल सोडेन.

पायरी ६ : टेस्ट ड्राइव्ह, शोरूमभोवती नव्हे

शोरूमपासून सिग्नलपर्यंत आणि परत, यात काही कळत नाही. हायवेचा तुकडा मागा. देत नसतील तर दुसऱ्या डीलरकडे जा. ऐंशीला क्रूझ लावा, अंतर सर्वांत जास्त ठेवा, आणि कुणी मध्ये घुसलं की गाडी ब्रेक हळुवार लावते की आपटते ते पाहा. घरच्यांना मागे बसवा, त्यांच्या पोटाला ते तुमच्याआधी कळेल. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडून पाहा: स्टिअरिंग किती जोरात ओढतं? मग इंडिकेटर देऊन ओलांडा. ओढायला नको. खड्डा चुकवताना ही ओढ हाताशी झटापट करते, आणि म्हणूनच बरेच जण पहिल्याच आठवड्यात सगळं बंद करून टाकतात.

आपोआप ब्रेकची परीक्षा खोका, भिंत किंवा मित्र उभा करून घेऊ नका. सेल्समन दाखवतो म्हणाला तरी नाही.

दोन गोष्टी गाडी उभी असताना बघा. प्रत्येक इशारा वेगळा बंद करता येतो का, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की तुमच्या सेटिंग लक्षात राहतात का? दर वेळी सहा बटणं दाबावी लागणारी यंत्रणा महिनाभरात नकोशी होते.

पायरी ७ : काच फुटली तर?

एडासचा कॅमेरा पुढच्या काचेला आतून, आरशामागे बसवलेला असतो. ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने काच गेली की नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवावी लागते. कॅमेरा एक अंशाने जरी कलला तरी शंभर मीटरवर पावणेदोन मीटर चूक होते, म्हणजे पुढची गाडी शेजारच्या लेनमध्ये असल्याचं दिसू शकतं. बुकिंगच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा: हे काम इथेच होतं का? मोठ्या शहरात अडचण नाही, पण कणकवली, गडचिरोली, नंदुरबारकडच्यांनी हा प्रश्न टाळू नये.

विम्याचंही इथेच विचारून घ्या. साध्या पॉलिसीत काचेला घसारा लागत नाही, पण प्लॅस्टिक-रबराच्या भागांना ५० टक्के लागतो, आणि बंपर प्लॅस्टिकचा असतो. पुढचं रडार बंपरच्या आसपास, ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत. सोसायटीत लागलेला एक साधा धक्का महाग पडू शकतो. एडासवाली गाडी घेतलीत तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घ्याच, आणि कॅलिब्रेशनचा खर्च दाव्यात धरतात का ते ईमेलवर लिहून घ्या.

गाडी सजवण्याच्या हौसेलाही थोडा लगाम लागतो. पुढे लोखंडी गार्ड लावायचा नाही. केंद्राने २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे, आणि तो रडारसमोर येतो हे वेगळंच. फास्टॅग, सोसायटीचं स्टिकर, देवस्थानाचं स्टिकर हे सगळं कॅमेऱ्याच्या चौकोनापासून लांब चिकटवा. डॅशबोर्डवरचा गणपती राहू दे, तो कॅमेऱ्याच्या आड येत नाही.

पुढे मिळणाऱ्या गोष्टीचे आज पैसे?

जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत बीकेसीत पहिलं शोरूम उघडलं, तेव्हा मॉडेल वायच्या किमतीवर "फुल सेल्फ-ड्रायव्हिंग"साठी ६ लाख रुपये वेगळे लावले होते. ते सॉफ्टवेअर तेव्हा भारतात चालू नव्हतं. अमेरिकेत याच गोष्टीची किंमत २०२२ मध्ये १५ हजार डॉलर होती, २०२४ मध्ये ८ हजारांवर आली, महिन्याचं भाडं ९९ डॉलर झालं, आणि नावापुढे "सुपरवाइज्ड" हा शब्दही लागला. ज्यांनी वरच्या भावात घेतलं त्यांचे पैसे गेले, आणि ड्रायव्हरची जबाबदारी होती तिथेच राहिली. गाडीत आज चालतंय त्याचेच पैसे द्या, हा नियम टेस्लालाही लावा आणि "पुढच्या अपडेटमध्ये येईल" म्हणणाऱ्या इतर कंपन्यांनाही. अमेरिकेत न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्यांकडे निदान महिनाभर भाड्याने घेऊन पाहायची सोय आहे. आधी तेच करा.

घेतलीत, आता पहिला महिना

पहिले काही दिवस फक्त इशारे चालू ठेवा आणि संवेदनशीलता मधली ठेवा. कोणत्या गोष्टीला गाडी उगाच ओरडते ते कळू लागतं. गतिरोधकाजवळ, उड्डाणपुलाच्या तोंडाशी, उजवीकडे वळणाऱ्या बसच्या मागे. कधीतरी ती विनाकारण ब्रेक लावेल. असं कधीही होऊ शकतं हे धरून चाला आणि मागे ट्रक चिकटलेला असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. अंगवळणी पडलं की क्रूझ, तेही दिवसा, मोकळ्या द्रुतगती मार्गावर. पहिल्या ढिगातला आपोआप ब्रेक मात्र कधीच बंद करू नका. त्याच्यासाठीच तर पैसे मोजलेत.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली बांधून "हात आहेत" असं गाडीला भासवण्याचे व्हिडिओ फिरतात. तसं केल्यावर अपघात झाला तर जबाबदारी चालकाचीच, कंपनी मॅन्युअलच्या त्या लांब यादीकडे बोट दाखवणार. धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं ते वेगळंच.

जुनी गाडी आहे आणि बदलायची नाही, अशांसाठी बाजारात इशारे देणारे डॅशकॅम मिळतात. ते फक्त बोलतात, ब्रेक लावत नाहीत, आणि बोलतातही फार. त्यांतला कॅमेरा पुरावा म्हणून घ्या, एडास म्हणून नको. आणि एडासवाली वापरलेली गाडी घेत असाल तर पुढच्या काचेवरचा छाप इतर काचांशी जुळवून बघा. वेगळा असेल तर काच बदललेली असणार, कॅलिब्रेशन केल्याचं बिल मागा. ते नसेल तर तपासणीचा खर्च किमतीतून कापून घ्या.